शिडाच्या बोटीचा मागचा कठडा हलतोय, त्यावर बसायच्या फळ्याही करायच्या आहेत. सल्ला हवा

भरतीओहोटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आम्ही तिघा मित्रांनी मिळून गेल्या वर्षी एक जुनी २८ फुटी शिडाची बोट घेतली. फायबरची, १९८० च्या दशकातली. गेटवेसमोर मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधलेली असते, रविवारी मांडव्यापर्यंत जाऊन येतो. येत्या आठवड्यात ती पावसाळ्यासाठी बाहेर काढतोय, तेव्हाच मागचं काम उरकावं म्हणतो.

मागचा कठडा म्हणजे पुशपिट एक इंची स्टेनलेस पाइपचा आहे, चार पायांचा. डावीकडचा शेवटचा पाय धरून ओढला की पाव इंच तरी हलतो. त्याच्या बुडाशी तपकिरी ओघळ येतात, पुसले की आठवड्यात परत हजर. नेमक्या त्याच कोपऱ्याखालच्या लॉकरमध्ये ओल असते. वेल्डजवळ केसाएवढी रेघ दिसते, ती चीर आहे की ओरखडा ते कळत नाही.

दुसरं काम बैठकीचं. माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत, त्यांना बोटीवर यायची भारी हौस. पण कॉकपिटमध्ये खाली बसले की गुडघे उठू देत नाहीत. म्हणून कठड्याच्या दोन्ही कोपऱ्यांत उंचावर बसायच्या फळ्या बसवायच्या आहेत. लाकूड घ्यावं की प्लास्टिक? आमच्या गल्लीतला बाल्कनीचे रेलिंग करणारा म्हणतो, "जागेवर येऊन वेल्ड मारतो, फळीला क्लॅम्प लावून देतो, दोन तासांचं काम." द्यावं का त्याला?

---

हवापाणी

एवढा विचार कशाला? पायाखाली भरपूर सिलिकॉन भरा, बोल्ट कचकचून आवळा. आमच्या पिकनिकच्या बोटीला तेच केलंय, दोन सीझन निघाले.

---

आर्गनवाला

३१ वर्षं फॅब्रिकेशनमध्ये गेली, आता निवृत्त. क्रमाने सांगतो.

रेलिंगवाल्याला आधी विचारा, पाइप कुठल्या ग्रेडचा वापरतो. बाल्कनीला बऱ्याचदा २०२ लावतात, फार झालं तर ३०४. समुद्रावर ३१६ हवं, आणि वेल्ड करायचं तर ३१६ एल. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडपुढे ते टिकाव धरतं. "एल" म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, त्यामुळे वेल्डच्या कडेला धातू कमजोर पडत नाही. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३१६." तसं नसतं. ३०४ ला पण चिकटत नाही. सी. पी. टँक, खेतवाडीकडे पाइपवाले आहेत, त्यांच्याकडे टेस्ट सर्टिफिकेट मागा. नाहीतर मॉलिब्डेनम तपासायच्या थेंबांची बाटली मिळते, ती छोट्या बॅटरीवर चालते. दोन मिनिटांत खरंखोटं कळतं.

बोटीवर वेल्डिंग मुळीच नको. खाली फायबर, त्याच्या आत लाकूड, शेजारी बॅटरी आणि वायरिंग. कठडा काढून वर्कशॉपला न्या. मात्र काढायच्या आधी १८ मिमी प्लायच्या तुकड्यावर चारही पायांच्या बेसप्लेटची आणि भोकांची खूण घ्या, आणि कठडा त्याच प्लायवर बोल्टने जखडून न्या. वाकवलेल्या पाइपमध्ये ताण असतो. सुटा झाला किंवा कापला की पाय उघडतात. मग वर्कशॉपमध्ये चकाचक वेल्ड होतो आणि बोटीवर आणल्यावर एक पाय अर्धा इंच बाहेर. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या माणसाने पहारीने पाय आत ओढून बोल्ट घातला होता, सहा महिन्यांत दुसरी चीर.

वेल्ड आर्गन वायूचाच, फिलर म्हणजे भरायची सळी ३१६ एल, पाइपच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्राइंडरची चकती नवी कोरी पाहिजे. जी चकती सकाळी लोखंडी गेटवर फिरली तीच संध्याकाळी तुमच्या पाइपवर फिरली तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि स्टेनलेसला पहिल्याच महिन्यात गंज दिसतो. मग लोक स्टेनलेसला शिव्या घालतात. वेल्डनंतर डाग काढणारी पिकलिंग पेस्ट, धुणं, मग बफिंग. पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, हातमोजे आणि चष्म्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.

---

सोलेंटकर

आर्गनवाला काकांना +१. पण मला वाटतं दुखणं पाइपमध्ये कमी आणि पायाखाली जास्त आहे.

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर असतो, माझी बोट याच वयाची आहे. त्या काळच्या बऱ्याच बोटींचा डेक म्हणजे वरखाली फायबर आणि मधे बाल्सा लाकूड. बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की बाल्सा शेवयांच्या खिरीसारखा होतो. लॉकरमधली ओल तेच सांगतेय. त्यात स्टेनलेसला चकचकीत राहायला हवेतला ऑक्सिजन लागतो. ओल्या लाकडात अडकलेल्या बोल्टला तो मिळत नाही. वरून डोकं लखलखीत आणि आत दांडा कुरतडलेला. त्यामुळे जुना एकही बोल्ट परत वापरू नका, दिसायला कितीही छान असो.

दुरुस्ती अशी. डेकवर हलक्या हाताने ठोकत जा, टणक आवाज बदलून बद्द येईल तिथे पेन्सिलने रेघ मारा. मग एका बोल्टची जागा उघडा. सहा मिमीचा बोल्ट असेल तर भोक १२ मिमी करा, पण खालचा फायबर जमला तर शाबूत ठेवा. ॲलन की काटकोनात कापून ड्रिलला लावा आणि आतला बाल्सा चहूबाजूंनी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर कोरून काढा. पूर्ण वाळू द्या. मग सिलिका पावडर घालून घट्ट केलेला इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारा राळेसारखा गोंद) भरा, आणि तो पक्का झाल्यावर मधोमध बोल्टचं भोक पाडा. आता पाणी आलंच तर इपॉक्सीला लागेल, लाकडाला नाही.

सिलिकॉनबद्दल हवापाणी यांची माफी मागून: नको. त्याचा थर फायबरवरून कधीच नीट निघत नाही आणि त्यावर पुढे ना रंग बसतो ना दुसरं सीलंट. मी ब्यूटाइल टेप वापरतो, रबरासारखी चिकट पट्टी असते. भोकाच्या वरच्या तोंडाला थोडा उतार काढायचा, म्हणजे तिथे टेपचं कडं बसतं. आवळताना बोल्ट धरून ठेवायचा आणि खालून नट फिरवायचा. एका दिवशी नाही, तीन-चार दिवसांत थोडं थोडं. उन्हात टेप मऊ होते, बाहेर येईल तशी कापत जायची.

---

भरतीओहोटी

बापरे. म्हणजे मी फळीचा प्रश्न घेऊन आलो आणि डेक उकरायची वेळ आली. सोलेंटकर, खालून काय लावायचं? आत्ता नुसते वॉशर आहेत, आणेलीएवढे.

---

आर्गनवाला

तेच तर. नटखाली पाच-सहा मिमी जाडीची पट्टी हवी, बेसप्लेटपेक्षा चहूबाजूंनी मोठी. स्टेनलेस चालेल, पण लोहार चाळीत इलेक्ट्रिकल इन्सुलेशनची ग्लास इपॉक्सी शीट मिळते, ती घ्या. गंजत नाही, इपॉक्सीने चिकटते, ग्राइंडरने कापता येते. धूळ मात्र नाकात जाऊ देऊ नका. शेजारीच हायलम ठेवलेली असेल, स्वस्त म्हणून ती उचलू नका, ती शीट वेगळी.

---

वेसावकर

आमच्या मासेमारीच्या बोटींना मागे जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, दरवर्षी रंग, सडला की फेकून नवा. पॉलिश-बिलिश काही नाही. पण एक सांगतो दादा, मागचा कठडा शोभेचा नाय. रात्री लघवीला माणूस मागेच उभा राहतो. हलका कठडा असला तर सकाळी हजेरी घेताना कळतं. दुरुस्त होईपर्यंत तिकडे दोरी आडवी बांधा आणि कुणाला टेकू देऊ नका.

---

दर्यावर्दी

वेसावकर यांच्या मुद्द्याला जोडून. दोन्ही बाजूंच्या लाइफलाइन, म्हणजे डेकच्या कडेच्या आधाराच्या तारा, मागे पुशपिटलाच बांधलेल्या असतात. एक पाय ढिला म्हणजे त्या बाजूची तारही ढिली. ऑफशोअर रेसच्या नियमांत साडेआठ मीटरपासून पुढच्या बोटींना वरची लाइफलाइन डेकपासून किमान ६०० मिमी लागते. तुमची बोट अगदी त्या सीमेवर आहे. नवा पाइप घालणारच असाल तर उंची मोजून घ्या, जुन्या बोटींचे कठडे बुटके असतात.

आता फळ्यांचं, कारण त्यावर कुणी बोलतच नाहीये :)

मी दोन्ही प्रकार वापरलेत. पांढऱ्या एचडीपीई प्लास्टिकला देखभाल नाही, पण यूव्ही-स्टेबलाइज्डच, म्हणजे ऊन सोसणारंच हवं. स्वयंपाकघरातल्या चॉपिंग बोर्डचा पत्रा आणलात तर ऊन खाऊन तडकतो. जाडी २० मिमीपेक्षा कमी नको, नाहीतर मधे झोळी होते. त्याला गोंद धरत नाही, सगळं बोल्टवर. आणि ते उन्हात फुगतं. ६०० मिमीची फळी सकाळ ते दुपार दीड-दोन मिमी लांब होते, म्हणून भोकं थोडी सैल ठेवा. सागाच्या पट्ट्या माझ्या आवडीच्या. २० मिमी जाड, मधे सहा-आठ मिमी फट, म्हणजे पाणी साचत नाही. रे रोडच्या लाकडी बंदरावर जुना साग मिळाला तर उत्तम. व्हार्निश नको, राखाडी होऊ द्या. खाऱ्या पाण्याने, मऊ ब्रशने, रेषांना आडवं घासायचं. उभं घासलं तर मऊ भाग निघून जातो.

सासऱ्यांसाठी मी सागच घेईन. मे महिन्यात दोन्ही तापतात, पण ओल्या प्लास्टिकवरून म्हातारा माणूस घसरतो.

फळी नुसती कोपऱ्यातल्या पाइपवर क्लॅम्पने लटकवू नका. ८० किलोचा माणूस बोट कलल्यावर तिच्यावर आदळतो, तो सगळा भार त्याच वेल्डवर जातो. फळीच्या आतल्या कडेखाली डेकपर्यंत एक टेकू-पाय द्या, त्यालाही खालून पट्टी. आणि बसवण्याआधी तीन गोष्टी बघा: सुकाणूचा दांडा पूर्ण फिरतो का, मागची शिडी उघडते का, आणि मागचा पांढरा दिवा झाकला जात नाही ना. तो १३५ अंशांतून दिसायला हवा.

---

हवापाणी

माफी वगैरे कशाला :) आज जाऊन पाहिलं. आमच्याही लॉकरमध्ये ओल आहे. मुकाट्याने ब्यूटाइल टेप मागवतोय.

---

भरतीओहोटी

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, उशीर झाला.

बोट बाहेर आहे, कठडा प्लायवर जखडून वर्कशॉपला गेला. ती रेघ चीरच निघाली, आणि तसलीच दुसरी उजव्या पायाच्या आतल्या बाजूला सापडली, जी आम्हाला दिसलीच नव्हती. थेंबांची टेस्ट केली: वरचा पाइप ३१६, पण डावा पाय कुणीतरी मधे बदललेला, त्यात मॉलिब्डेनम नाही. ओघळ तिथूनच. दोन्ही मागचे पाय नवे करतोय, उंची पाच सेंटीमीटर वाढवून.

बारापैकी आठ बोल्ट सरळ आले. तीन कापावे लागले. बारावा मी पाना लावून जरा फिरवला तर डोकं हातात आलं, दांडा आत मधोमध शिसपेन्सिलीच्या टोकाएवढा राहिला होता. गेल्या मार्चमध्ये आम्ही सगळे त्याच कोपऱ्याला टेकून फोटो काढले होते.

डाव्या कोपऱ्यात साधारण ताटाएवढ्या जागेत बाल्सा काळा पडलाय. भोकांतून भागणार नाही, वरचा फायबर कापून ते सगळं काढावं लागेल असं दिसतंय. पाऊस सुरू झालाय, त्यामुळे ताडपत्रीखाली १०० वॉटचा बल्ब लावून वाळवतोय, इपॉक्सी ऑक्टोबरमध्ये. घाई नाही.

---

सोलेंटकर

ताटाएवढं असेल तर वरचा तुकडा कापून जपून ठेवा, तोच परत चिकटवता येतो. बल्बवर जाळी लावा, ताडपत्री वितळेल. ऑक्टोबर हीटमध्ये इपॉक्सी कालवताना छोट्या वाट्या करा, मोठ्या डब्यात तो उकळतो.

---

भरतीओहोटी

जाळी लावली. फळीचा नमुना जाड पुठ्ठ्याचा केला आणि घराच्या ओट्यावर दोन स्टुलांवर ठेवून सासऱ्यांना बसवलं. दर्यावर्दी, मी धरलेल्या उंचीला पाय अधांतरी राहतात. दोन इंच खाली आणि पुढची कड गोल हवी, असा हुकूम आहे. टेकू-पाय त्याप्रमाणे कापायला सांगतोय.