व्हॅनिला म्हणजे नुसता गोडवा नव्हे
व्हॅनिलाचे परफ्यूम निव्वळ गोड असतात आणि दिवसभर पाठ सोडत नाहीत, असे अनेकदा म्हटले जाते; त्यातला दुसरा भाग खरा असला तरी पहिला मला अजिबात पटत नाही. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला त्याचा वास देणारा मुख्य घटक, फार सावकाश उडते, त्यामुळे सुरुवातीला जाणवणारे लिंबूवर्गीय वास विरल्यावरच ते त्वचेच्या उबेने खुलू लागते, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत त्याची पारख करू नये. गेर्लां या फ्रेंच परफ्यूम कंपनीच्या १९२५ सालच्या ‘शालिमार’मध्ये बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाच्या ताज्या सुरुवातीखालून व्हॅनिलाचे जे धुरकट, किंचित चामड्यासारखे रूप वर येते, ते मला विलक्षण मोहक वाटते. उकाड्यात मात्र एकच फवारा पुरे, आणि तोही पांढऱ्या कपड्यांवर नको, कारण व्हॅनिलिनमुळे परफ्यूम कालांतराने तपकिरी होतो व त्याचे डाग पडू शकतात.