मदत हवी आहे: सीएसएसमध्ये तिसरं कार्ड खाली का उतरतं?

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याची. दोन महिने झाले, घरीच एचटीएमएल आणि सीएसएस (वेबपानाचा सांगाडा आणि त्याची सजावट लिहायच्या भाषा) शिकतेय. सरावासाठी माटोळीवर एक पान करायला घेतलंय. चवथीला गणपतीच्या वर जी लाकडी चौकट टांगतात, तिला बांधायच्या फळांची नावं आजीला तोंडपाठ आहेत, मला अर्धीही येत नाहीत. ती कुठेतरी नीट लिहून ठेवावीत असं फार वाटतं. म्हणून एकेका फळाचं एकेक कार्ड: फोटो, आजी म्हणते ते नाव, आणि ते कुठे मिळतं. नारळ, सुपारीचा घोस, चिबूड, तोरिंजन, आंबाडे, कवंडळ... बारा झाली आहेत.

अडलंय ते असं. बाहेरचा डिव्ह (सगळी कार्डं ज्यात आहेत तो चौकोन) ९६० पिक्सेल रुंद, त्याला डिस्प्ले फ्लेक्स (कार्डं एका रांगेत लावतं) आणि फ्लेक्स-रॅप (न मावलेलं खालच्या रांगेत नेतं) दिलंय. कार्डाला विड्थ (रुंदी) ३३.३३ टक्के, पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) १६ पिक्सेल, बॉर्डर (कडेची रेघ) १ पिक्सेल. एका रांगेत तीन यायला हवीत, येतात दोनच. पॅडिंग आणि बॉर्डर दोन्ही काढली की तिन्ही बसतात, पण मजकूर कडेला चिकटतो. विड्थ २९ टक्के केली तर बसतात, पण उजवीकडे मोकळी पट्टी राहते आणि फोनवर पुन्हा विस्कटतं. असे अंदाजाने आकडे बदलत बसायचं नाहीये, कारण कळायला हवंय. कार्डांमध्ये थोडी फटही हवी आहे.

दुसरं म्हणजे मथळ्याला लेटर-स्पेसिंग ४ पिक्सेल दिलं, तर ‘माटोळी’ची शिरोरेषाच तुटली. आजीने बघितल्याबरोबर विचारलं, “अक्षरां अशीं सुटीं कित्याक?”

उत्तर

ताई, बेरीज करून बघा. ९६०चा तिसरा हिस्सा ३२०. पण विड्थ म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. दोन्ही बाजूंचं पॅडिंग ३२ आणि बॉर्डर २ वरून चढते, म्हणजे एक कार्ड ३५४ आणि तीन मिळून १०६२. मावणार कशी? फाइलच्या सुरुवातीला सगळ्या घटकांना बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स द्या, मग पॅडिंग आणि बॉर्डर ३२०च्या आतच धरली जाते.

पण फटही हवी असेल तर एवढ्याने भागणार नाही. गॅप (कार्डांमधली फट) दिलात की तिसरं कार्ड पुन्हा खाली येईल, कारण त्या फटीची रुंदी ३३.३३ टक्क्यांत धरलेली नसते. फ्लेक्स सोडा, ग्रिड (रांगा आणि कॉलमची जाळी) घ्या: तीन कॉलम, प्रत्येकी १ एफआर (उरलेल्या जागेचा एक सारखा वाटा), गॅप १६ पिक्सेल, आणि कार्डाची विड्थ पुसून टाका. ६०० पिक्सेलच्या खाली मीडिया क्वेरीत (स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे लागू होणाऱ्या नियमात) एकच कॉलम ठेवा.

लेटर-स्पेसिंग देवनागरीला देऊच नका, ते अक्षरांमध्ये जागा घालतं आणि रेषा तुटते. मथळा उठून दिसायला आकार वाढवा, लाइन-हाइट (ओळीची उंची) १.५च्या आसपास ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार, दादा. बारा कार्डं, चार रांगा, सगळ्या सरळ. मथळाही जुळला. आता उरलेली नावं आजीकडून लिहून घेते.