मदत हवी आहे: आईला शब्द सापडेना, तेव्हा आम्ही काय करावे?
माझ्या आईला अल्झायमर असल्याचे निदान झाले असून तिला वस्तूंची नावे आठवेनाशी झाली आहेत. चष्म्याला ती ‘ते डोळ्यांवर घालायचे’ म्हणते, मात्र तिचे उच्चार आणि वाक्यरचना अजून शाबूत आहेत. ज्यांच्या नावावरून या आजाराला नाव मिळाले, त्या डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांच्या १९०७ च्या लेखातील रुग्ण स्त्रीही कपाला ‘दूध ओतायचे भांडे’ अशा अर्थाचा शब्द वापरत असे, हे वाचून मला गलबलून आले. छोटी वाक्ये, एका वेळी एकच प्रश्न आणि उत्तरासाठी पुरेसा अवधी यांचा आम्हाला उपयोग होतो. परंतु ती शब्द शोधत अडली की तो आपण सुचवावा, की थांबावे? सुचवल्यावर ती कधी सुखावते, तर कधी बोलणेच सोडून देते, आणि तिचे ते गप्प होणे मला फार लागते. ज्यांनी अशा रुग्णाची घरी काळजी घेतली आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.