पार्किंगमागची भिंत: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: मंडळी, पार्किंगमागची माती अडवणारी दगडी भिंत मधोमध फुगली आहे. कंत्राटदार म्हणतो, पाडून ४ मीटरची आरसीसी बांधू. ड्रॉइंग लागत नाही म्हणे, अशा बऱ्याच बांधल्यात.

ए-४०२: मग घ्या उरकून. पावसाळा तोंडावर आलाय.

सी-१०१: थांबा जरा. मी हेच काम करतो म्हणून सांगतो, ४ मीटरला ड्रॉइंग नको म्हणणाऱ्याला भिंत देऊ नका. उंची दुप्पट झाली की मातीचा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट.

बी-२०३: मग जाड बांधा ना!

सी-१०१: नुसत्या जाडीने भागत नाही. मागे कोरडा मुरूम असेल तर ४ मीटर उंचीला दर मीटर लांबीमागे साधारण ५ टन रेटा. पाणी वरपर्यंत तुंबलं तर तोच १० टनांच्या आसपास. आपल्या भिंतीची वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर सोडणारी छिद्रं बघा, निम्मी बुजलीत.

ए-४०२: ती रंगकामात बुजवली. ओघळ वाईट दिसत होते 😀

सी-१०१: अहो, ती गळायलाच ठेवलेली असतात 🙏

डी-३०४: जिओग्रिडवाली, म्हणजे मागच्या मातीत पुरलेल्या प्लास्टिकच्या जाळीने धरलेली ब्लॉकची भिंत कशी?

सी-१०१: चांगली, पण ग्रिड मागे उंचीच्या किमान ०.७ पट, म्हणजे २.८ मीटर आत न्यावी लागते. तिथेच आपली ड्रेनेज लाइन आहे. उद्या दुरुस्तीला कुणी खोदलं की ग्रिड तुटली. गॅबियन (जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेली भिंत) पायाशी फार जागा खातं, पार्किंग जाईल. माझा कल आरसीसी कॅन्टिलिव्हरकडे, म्हणजे मातीखाली जाणाऱ्या रुंद तळावर उभ्या भिंतीकडे. तिचाही तळ २ ते २.८ मीटर रुंद होतो, पण त्यावरच्या मातीचं वजनच भिंतीला धरून ठेवतं आणि लाइन तळाच्या वरून नेता येते.

सेक्रेटरी: मग आधी काय करायचं?

सी-१०१: माती परीक्षण. पायाखाली काळी माती निघाली तर सगळं गणित बदलेल. वरच्या रस्त्यावरून पाण्याचा टँकर जातो, त्याच्या वजनाचाही रेटा भिंतीवर येतो, तेही डिझाइनरला सांगा. आणि पाणी निचरायला भिंतीमागे खडीचा थर, जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), तळाशी छिद्रांचा पाइप हे कोटेशनमध्ये वेगवेगळं लिहून घ्या, नाहीतर खोदलेली मातीच परत मागे ढकलतात. मुख्य सळई मातीच्या बाजूला हवी. काँक्रीट ओतण्याआधी मी बघायला येतो.

बी-२०३: तोवर टँकर गेटवरच थांबवायचा?

सेक्रेटरी: हो, लांब पाइप लावू. भिंतीलगतच्या गाड्या आज रात्रीच हलवा. ए-४०२, तुमचीही आहे त्यात.