प्रतिसाद: पात्रतेच्या अटी सैल करू नयेत

जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेच्या, म्हणजे घोड्यावरून लांब पल्ला गाठायच्या शर्यतीच्या, पात्रता अटी कडक ठेवल्या तर भारतासारख्या देशांच्या स्वारांना दारच बंद होईल, असं काहीजण म्हणतात; तो मुद्दा मला अजिबात पटत नाही. केरळची निदा अंजुम अटी पूर्ण करूनच 2023 मध्ये फ्रान्समधल्या तरुण स्वारांच्या अजिंक्यपदात 120 किलोमीटर दौडली. पुढच्या वर्षी मोठ्यांच्या 160 किलोमीटरमध्येही तिने शेवट गाठला.

अनुभव दिसतो तो व्हेट गेटवर, म्हणजे शर्यतीच्या टप्प्यांमध्ये पशुवैद्य घोडा तपासतात त्या जागी. तिथे घोडा आत आला म्हणून घड्याळ थांबत नाही. नाडी ठरलेल्या मर्यादेत, साधारण मिनिटाला 64 ठोक्यांवर उतरवून घोडा तपासणीला दाखवावा लागतो. जाणता स्वार गेट यायच्या आधीच वेग कमी करतो, खाली उतरतो, खोगिराचा पट्टा सैल करतो आणि घोड्याला चालवत आणतो. नवखा भरधाव येतो आणि मग पाणी ओतत ताटकळतो. सगळी कमाई तिथेच जाते, आणि हाल होतात ते मुक्या जनावराचे.

म्हणूनच स्वार आणि घोडा दोघांनी एकत्र लांबचं अंतर पूर्ण केलेलं असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. स्पर्धेपुरत्या भाड्याने घेतलेल्या घोड्याचं पाणी पिणं कधी कमी झालं, हे स्वाराला कळणार कसं?

माझं मत असं, की पूर्ण केलेल्या शर्यतींबरोबर बाद झालेल्याही मोजाव्यात. ज्याचे घोडे वारंवार लंगडून बाद होतात, त्याला परत कमी अंतरावर आणावं.