मतदानाच्या दिवशी सोसायटीतल्या लोकांना घराबाहेर काढायचंय, सुरुवात कुठून करू?

रेवा, डोंबिवली (७ नोव्हेंबर २०२४)

नमस्कार. डोंबिवली पूर्वेला आमची पाच इमारतींची सोसायटी आहे. लोकसभेचं मतदान २० मेला, सोमवारी आलं. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळाली आणि आमचं पार्किंग निम्मं रिकामं झालं. जे थांबले त्यांतलेही बरेच जण यादीत नाव नाही म्हणून नाहीतर रांग बघून परत आले. माझ्या सासूबाई दोन तास उन्हात उभ्या होत्या. चक्कर यायला लागली तशा घरी आल्या आणि मग पुन्हा गेल्याच नाहीत. संध्याकाळभर त्या गप्प होत्या. ते मला फार लागलं.

आता २० तारखेला विधानसभा आहे, आणि बुधवार आहे. आम्ही आठ-नऊ जणी मिळून काहीतरी करायचं म्हणतोय. कुठल्याही पक्षासाठी नाही, मतदान व्हावं एवढंच. असं काम कोणी केलंय का? दिवसभर नेमकं काय करायचं असतं? आणि वयस्कर मंडळींना माझ्या गाडीतून नेलं तर चालतं का?

वासंती, मुलुंड (७ नोव्हेंबर २०२४)

रेवा, मी बँकेतून निवृत्त झाले आहे. मे महिन्यात आमच्या साठ घरांसाठी आम्ही सहा जणींनी हेच केलं, म्हणून अनुभवाचं सांगते.

फलक आणि व्हॉट्सॲपवरच्या घोषणांच्या मागे लागू नका. "मला मतदान करायचंच नाही" म्हणणारं त्या साठ घरांत मला कोणी भेटलं नाही. माणसाचं अडतं ते बारीकसारीक गोष्टींपाशी, आणि त्या आधीच्या आठवड्यात सोडवल्या तरच सुटतात.

सगळ्यात आधी यादी. आजच वही घेऊन बसा. घरोघरी जाऊन प्रत्येकाचं नाव निवडणूक आयोगाच्या ॲपवर ओळखपत्राच्या नंबराने शोधा आणि यादी भाग, अनुक्रमांक, शाळेचं नाव, खोली क्रमांक असं सगळं लिहून घ्या. एकाच घरातल्या नवरा-बायकोची नावं वेगळ्या भागांत निघतात, मग केंद्रंही वेगळी. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मेमध्ये सकाळीच "माझं नाव कापलंय" म्हणत परत आल्या. त्यांचं माहेर मुलुंडचंच. मी यादी उघडून बसले, तर नाव होतं, माहेरच्या आडनावाने, वडिलांच्या नावासकट, पलीकडच्या शाळेत. लग्नाला एकवीस वर्षं झालेली. जुनं ओळखपत्र कपाटात साड्यांच्या घडीखाली सापडलं. चार वाजता त्या पुन्हा गेल्या आणि बोटावरची शाई दाखवायला थेट माझ्या दारात आल्या. नवीन नाव घालायची मुदत आता टळली आहे. पण "नाव नाही" असं सांगितलेल्यांपैकी काहींचं नाव असतं, नीट शोधलेलं नसतं.

घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, हे दारोदार सांगा. निवडणूक ओळखपत्र हरवलं असेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो लावलेलं बँकेचं पासबुक यांतलं काहीही चालतं.

मग मोबाइल. या निवडणुकीत केंद्राच्या १०० मीटरच्या आत तो नेता येत नाही. मेमध्ये कितीतरी बायका एकट्या आल्या, फोन ठेवायला जागा नाही म्हणून दारातूनच वळल्या आणि वळलेलं माणूस सहसा परत येत नाही. दहानंतर आम्ही त्यावर तोड काढली. १०० मीटरच्या रेषेबाहेर गुलमोहराखाली दोघी जणी कापडी पिशवी घेऊन बसलो. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर जोडीने आकडे घातले, एक तुकडा फोनला रबराने बांधायचा, दुसरा माणसाच्या हातात. दोघींपैकी एक कायम जागेवर, पिशवी मांडीवर. ओळखीच्याच लोकांचे फोन घ्या. जबाबदारी मोठी आहे.

आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरी फोन करा. "मतदान करा हं" म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि विसरतात. "किती वाजता निघताय?" असं विचारा आणि सांगितलेली वेळ वहीत नावापुढे लिहा. लिहितेय हे त्यांना कळू द्या. दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आत टेबल टाकून बसा, येणाऱ्याच्या नावावर रेघ मारा आणि अकरा वाजता व अडीच वाजता फक्त उरलेल्यांना फोन करा. साडेनऊ सांगितलेलं माणूस अकराला घरात असेल तर फोन उचलताना स्वतःच म्हणतं, "निघालेच बघा."

गाडीचं विचारलंस. उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी, मतदारांची फुकट ने-आण केली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे ते भ्रष्ट आचरण ठरतं. तुमचा कोणाशी संबंध नाही हे खरं, पण मतदानाच्या दिवशी तुझ्या गाडीच्या चार फेऱ्या झाल्या तर बघणाऱ्याला ते कसं कळणार? सासूबाईंना खुशाल ने. इतरांना आम्ही रिक्षा बोलावून द्यायचो, भाडं ज्याचं त्याने द्यायचं, सोबत आमच्यातली एक जण बसायची.

कपड्यांवर, पिशवीवर कुठलंही चिन्ह नको. कोणाला मत दिलं हे विचारायचं नाही, आणि कोणी आपणहून सांगायला लागलं तर तिथेच थांबवायचं. आमच्यातल्या एकीला हे पाळणं जड गेलं. तिला दुपारी स्वयंपाकघरात चहाचं काम दिलं.

गुरुजी, पाटोदा, जि. बीड (९ नोव्हेंबर २०२४)

ताई, तुमच्याकडं रांगेची अडचण, आमच्याकडं माणूसच गावात राहत नाही. इथली माणसं ऊसतोडीला जातात. यंदा साखर कारखान्यांचं गाळप १५ नोव्हेंबरला सुरू होणार आणि मतदान २० ला. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, टोळी भरली की निघावंच लागतं. काही टोळ्या तर दिवाळी झाल्या झाल्या कर्नाटकात गेल्या.

मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी असा कायदा आहे. पण कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, पैसे टनावर मिळतात. त्या दिवशी तोडला नाही त्या उसाचे पैसे कोण देणार? आणि दोनशे किलोमीटरवरून लेकरांसकट यायचं तर भाडं वेगळंच.

मी निवृत्त शिक्षक आहे, यांतली निम्मी माणसं माझ्या वर्गात बसलेली. गेले चार दिवस मी मुकादमांच्या घरी जाऊन एवढंच मागतोय, गाडी २० ला संध्याकाळी भरा. दोघांनी शब्द दिला. तिसरा म्हणाला, "गुरुजी, कारखान्याचा फोन दिवसातून तीनदा येतो." त्याच्याकडं आज पुन्हा जाणार आहे. वहीत वेळ लिहायची तुमची गोष्ट चांगली आहे, मी मुकादमाच्या नावापुढं लिहीन.

अनंत, ठाणे (१० नोव्हेंबर २०२४)

केंद्रावर तीन निवडणुकांची ड्यूटी केली आहे, म्हणून आतल्या बाजूचं थोडं. वृद्ध, अपंग, गरोदर बायका आणि कडेवर मूल असलेल्यांना आधी सोडायचं असतं. गर्दीत आमचं लक्ष जात नाही, तेव्हा दारावरच्या कर्मचाऱ्याला हळू आवाजात पण स्पष्ट सांगा. सासूबाईंसाठी हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी सहाला रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी मिळते, वाटप रांगेच्या शेवटापासून सुरू होतं. मग कितीही वाजले तरी त्याचं मत होतं. पावणेसहाला "आता काय उपयोग" म्हणणाऱ्याला हे सांगून हाताला धरून पाठवा.

आणि एखाद्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर त्याने भांडून घरी जाऊ नये. केंद्राध्यक्षाकडे ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागावी. ती वेगळ्या पाकिटात राहते, नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही, पण नोंद होते.

रेवा, डोंबिवली (२१ नोव्हेंबर २०२४)

सगळ्यांचे मनापासून आभार. घसा बसलाय, म्हणून थोडक्यात लिहिते.

सासूबाई सकाळी सव्वासातला गेल्या. अनंतदादांनी सांगितलं तसं दारावर सांगितलं, त्यांना लगेच आत घेतलं, पावणेआठला घरी. मग दिवसभर टेबलापाशी बसून रेघा त्यांनीच मारल्या, दुसऱ्या कोणाला पेन दिलं नाही. पिशवीचे पुठ्ठे दुपारीच संपले, आणखी कापावे लागले. बी इमारतीतले एक काका कामावरून धावत आले, पाच पंचावन्नला रांगेत उभे राहिले, चिठ्ठी मिळाली, सात वाजता मत दिलं.

सात जणांची नावं मात्र कुठेच सापडली नाहीत. त्यांतल्या एक आजी गेली तीस वर्षं इथेच मत देत आल्या आहेत. त्या पुनःपुन्हा वहीत बघत होत्या. येत्या रविवारी क्लबहाउसमध्ये फॉर्म ६, म्हणजे यादीत नाव घालायचा अर्ज, घेऊन बसतोय. आजींचा फॉर्म मी कालच भरून ठेवला, फोटो तेवढा चिकटवायचा राहिलाय.

गुरुजी, तिसऱ्या मुकादमाचं काय झालं?