पायलट-एटीसी (विमानांना जमिनीवरून सूचना देणारे कंट्रोलर) संवाद: रेडिओवरचं बोलणं बंद करून सगळं टेक्स्टवर आणावं का?

ढगवेडा: माझं मत हो. १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅनॅम या कंपन्यांची दोन जंबो विमानं धावपट्टीवरच धडकली, ५८३ माणसं गेली. केएलएमने टेकऑफ सुरू केलेला, विमानतळाचा कंट्रोल टॉवर म्हणतोय थांबा, त्याच क्षणी पॅनॅमवाले सांगतायत आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत, आणि दोघं एकदम बोलल्यामुळे केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके'नंतर नुसती शिट्टी वाजली. दोन मेसेज स्क्रीनवर आले असते तर एकाने दुसऱ्याला खाल्लं नसतं. समुद्रावर आजही डेटालिंक (पायलट-कंट्रोलरमधले टेक्स्ट मेसेज) वापरतातच, मग सगळीकडे का नको? शिवाय पहाटे तीनला दमलेल्या माणसाला ऐकलेली उंची लक्षात राहील याची खात्री नाही, लिहिलेली परत वाचता येते.

दक्षिणवारा: अजिबात पटलं नाही. अमेरिकेतलं ऑस्टिन, फेब्रुवारी २०२३, तिथेही धुकंच. फेडएक्सचं विमान उतरत होतं आणि टॉवरने साउथवेस्टच्या विमानाला त्याच धावपट्टीवरून टेकऑफची परवानगी दिली. फेडएक्सवाल्यांनी ते फ्रीक्वेन्सीवर ऐकलं, आपल्याला लँडिंग आहे ना हे परत विचारून घेतलं, आणि शेवटी त्यांनीच साउथवेस्टला टेकऑफ रद्द करा म्हणत विमान वर घेतलं. सूचना टेक्स्टने गेली असती तर ती फक्त साउथवेस्टला दिसली असती! दुसऱ्याला काय सांगितलं हे सगळ्यांच्या कानावर पडतं, ते घालवून बसू नका.

ढगवेडा: पण तिथे फेडएक्सची मंडळी जागरूक होती म्हणून निभावलं. सगळी सुरक्षा तिसऱ्याच्या कानांवर सोडायची? ठीक आहे, टॉवरजवळ आवाज ठेवा, वरच्या उंचीवर तरी टेक्स्ट आणा.

रात्रपाळी: वरच्या उंचीवरच तर लक्ष उडतं. २००९ मध्ये नॉर्थवेस्ट कंपनीची फ्लाइट १८८ आठवा, दोन्ही पायलट लॅपटॉपमध्ये गुंतले, तासाहून जास्त वेळ रेडिओवर उत्तर नाही, जिथे उतरायचं ते मिनियापोलिस मागे टाकून पुढे निघून गेले. कंपनीने कॉकपिटला टेक्स्टपण पाठवले होते, तेही तसेच पडून राहिले. शेवटी केबिन क्रूने विचारलं कधी उतरतोय, तेव्हा कळलं. रीडबॅक (मिळालेली सूचना परत बोलून दाखवणं) देताना निदान तोंड उघडावं लागतं आणि कंट्रोलरला आवाजावरून माणूस दमलाय हे समजतं. थकवा हा खरा प्रश्न असेल तर एका पायलटने सीटवर ठरवून थोडा वेळ झोपायची सोय सगळीकडे द्या, कॅनडात आणि युरोपात परवानगी आहे, अमेरिकेत अजून नाही, आणि ही मनाई मला धोकादायक वाटते.

किनारा: तुम्ही सगळे माध्यमावर भांडताय. १९९० ला न्यूयॉर्कजवळ एव्हियान्का कंपनीच्या फ्लाइट ५२ चं इंधन संपलं आणि विमान पडलं, ७३ जण गेले. को-पायलटने इंधन संपतंय हे सांगितलं होतं, क्रूने प्रायॉरिटीही मागितली होती, पण इमर्जन्सी किंवा मेडे (जीव धोक्यात असल्याची हाक) हा शब्द रेडिओवर एकदाही उच्चारला नाही, म्हणून कंट्रोलरला घाई कळलीच नाही. टाइप करूनही त्यांनी प्रायॉरिटीच लिहिलं असतं. कॅप्टन आपल्याला काय म्हणेल, चौकशी होईल का, या भीतीने मेडे म्हणायला कचरणाऱ्याला आधी ट्रेनिंगमध्येच मोकळं करा.

दक्षिणवारा: याला माझं शंभर टक्के अनुमोदन. आणि कंट्रोलरनेही 'इमर्जन्सी जाहीर करताय का' एवढं थेट विचारायला हवं, विचारायला दोन सेकंद लागतात.